लाल ठिपक्याचा नळ

मे महिन्यात मारिसेलने सांगेपर्यंत
मी रोज भाजून घेत होते.
रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
निळ्या ठिपक्याच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं,
उकळी फुटायच्या बेतातलं.
गीझर बंद कर, ती म्हणाली, आणि लाल सोड.
गीझर आत असतो, सावलीत,
रात्रभर त्यातलं पाणी निवतं.
उन्हाळाभर मस्कतमध्ये सगळे असंच करतात.
तेव्हापासून मी लाल ठिपका फिरवते
आणि गार पाण्याने अंघोळ करते.
हे फलटणला फोनवर समजावताना
माझं मलाच खोटं वाटतं.

आई माझ्या दीड तास पुढे राहते.
तिची भांडी घासून होतात
तेव्हा माझी फोडणी तडतडत असते.
आज रविवार ना, झोप की जरा.
आई, इथला रविवार म्हणजे सोमवार,
सुट्टी शुक्रवार-शनिवार.
हो, म्हणते ती.
पुढच्या रविवारी पुन्हा,
झोप की जरा.

पहिले चार महिने
मी प्रत्येक वस्तू दोनशे वीसने गुणत होते.
कोथिंबिरीची जुडी गुणून परत ठेवली.
दुकानातला वर्गीस काही बोलला नाही.
एकदा त्याने चार मिरच्या पिशवीत वरून टाकल्या
आणि हिशेबात धरल्या नाहीत.
त्या दिवशी गुणाकार सुटला.
सुटला म्हणजे सवय सुटली,
उत्तर काही आलं नाही.

अरबीत प नाही.
हजेरीला मी बद्मजा बिसाल.
पहिल्या दिवशी मागे वळून पाहिलं, कोण ही बाई.
मग तिच्या वतीने मीच हात वर करू लागले.
तिला उशीर होत नाही.
तिची असाइनमेंट वेळेवर जाते.
तिला घरची आठवण येते की नाही
कुणी विचारलेलं नाही.

शेजारी अज्जा बसते, अल हमराची.
तिच्या आडनावात एक अक्षर
घशात इतकं खोल राहतं
की मी ते म्हणायला गेले
की ती पाण्याची बाटली पुढे करते.

परवा भूजलाच्या तासाला पडद्यावर फलज होता,
डोंगराच्या पोटातून उताराने आणलेलं पाणी,
गावाने अर्ध्या अर्ध्या तासाने वाटून घेतलेलं.
अज्जा कुजबुजली, आमच्या खजुरांना मध्यरात्रीनंतरचा वाटा.
आजोबा तारा बघून दार उघडायचे.
मी म्हटलं, आम्हाला नीरेच्या फाट्यावर रात्री दोनला.
बाबांच्या हातात टॉर्च, माझ्या हातात थर्मास,
आणि वरच्या शेतातल्या काकांनी
दहा मिनिटं जास्त घेतली म्हणून
चिखलात उभ्या उभ्या भांडण.
ती म्हणाली, भांडण आमच्याकडेही.
काय म्हणता तुम्ही त्या वाट्याला?
पाळी.
बाली.
पाळी. जीभ मागे वळव, टाळूला टेकव, सोड.
बाली.
मग मी तिला त्याच शब्दाचा
महिन्यातून एकदा येणारा अर्थ सांगितला.
ती इतकी हसली की सर थांबले,
आणि आम्ही दोघींनी
वह्यांमध्ये तोंडं घातली.

ऑगस्टमध्ये घरी गेले.
पहिल्याच पहाटे, अर्धवट झोपेत,
हाताने आपणहून लाल नळ सोडला.
सोलरचं पाणी, चटकन पोळलं.
बाहेरून आई, काय गं झालं?
काही नाही.
निळ्याखाली हात धरून बराच वेळ उभी होते.
गार पाणी निळ्यातून येतंय
याचंच नवल करत.

तेवढ्यात बाहेर चार्जिंगला लावलेल्या फोनवर
अज्जाचा आवाज आला, खरखरीत, अर्ध्या सेकंदाचा.
आईने तो चुकून दाबला,
पुन्हा दाबला,
आणि दारावर टकटक केली.
बाळी म्हणतेय कुणीतरी.
ळ आला होता. प राहिला होता.

कुणाची बाळी हरवली गं, आईने विचारलं,
सोन्याची होती का?