पाठीवरचं नाव

हाकोदातेत बर्फानं छप्पर वाकलं.
सुताराचा आकडा फ्रिजवर चिकटवलेला.
कुनिहिको जमिनीवर कार्ट्रिजं मांडतो:
हे ठेवायचं, हे विकायचं,
हे… बघू.

दुकानदार फोनवर म्हणाला,
पाठ कोरी असेल तर पूर्ण भाव.
कुणा पोराचं नाव असेल तर निम्मा;
स्पिरिटनं पुसून बघा.

कापूस भिजवला.
‘तामाकी, तिसरी, दुसरी तुकडी’.
जाड मार्कर, शेवटचं अक्षर
मावलं नाही म्हणून खाली घसरलेलं.
कोण हा? की ही?
आता पन्नाशीला टेकलं असेल.
त्यानंही विकलंच ना कधीतरी,
की आईनं, न विचारता?

कापूस वाळून गेला.

सकाळी कोऱ्या पाठीची बावीस पिशवीत.
छपराचं निम्मंच काम होईल.
उरलेल्या कोपऱ्यात
बादली ठेवू.