पहिलं पाणी

हे हात पुसायचं फडकं नव्हे, मारिका.
मिस्सा संपताना फादर आवेलिनो याने प्याला पुसतात.
म्हणून याचं पहिलं पाणी मोरीत जात नाही.
घंगाळात भिजवायचं, हलक्या हाताने दाबायचं,
आणि पाणी बाहेर, मातीला,
त्या निळ्या हायड्रेंजियाच्या मुळाशी.
दुसरं पाणी, साबण, इस्त्री, सगळं नेहमीसारखं.

का, म्हणतेस?
द्राक्षारस तेव्हा द्राक्षारस राहिलेला नसतो म्हणून.
कसं, ते मला विचारू नकोस.
मी चौथीपर्यंत शिकले,
बावीस वर्षं कारखान्यात दूध ढवळलं.
दुधाचं चीज कसं होतं तेही मला सांगता येत नाही.
वास बदलला की कळतं, झालं.

तू एस्तोनियाची. तुमच्या देवळांत म्हणे आता मैफली होतात.
दुआर्त म्हणाला, आई, तिला थोडं समजावून सांग.
कुठून सुरू करू?
शिरताना बोटं पाण्यात बुडव,
कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा.
चुकलीस तर बघणारी एकटी इडालिना,
आणि तिला मोतीबिंदू आहे.
उपवासकाळात शुक्रवारी मांस नाही.
(इथे बेटावर त्यात कसला आलाय त्याग!
खडकावरच्या शिंपल्या लोण्यात, लसणात भाजतो
आणि वर म्हणतो, प्रभू, स्वीकार कर.)
पापनिवेदनाला फादरच्या डाव्या बाजूला बस.
तो कान कमी ऐकतो.
रांग तिकडेच मोठी असते.

नोव्हेंबरात मेलेल्यांची नावं
कागदावर लिहून वेदीपाशी ठेवतात.
एक नाव मला कित्येक वर्षं लिहिता येईना.

एर्मीनियो. लग्नाचा नवरा.
कॅलिफोर्नियाला गायी दोहायला गेला,
दोन पत्रं आली, मग काहीच नाही.
मेला म्हणावं तर कागद नाही,
आहे म्हणावं तर माणूस नाही.
मग जिल आला गोठ्याचं छप्पर दुरुस्त करायला,
आणि छप्पर झालं तरी गेला नाही.
दुआर्त झाला. त्याला बाप्तिस्मा मिळाला,
पांढरा झगा, मेणबत्ती, सगळं.
मला ख्रिस्तप्रसाद नाही. नियम तसा आहे.
अकरा वर्षं रांग पुढे सरकायची
आणि मी बाकावर गुडघे बाजूला वळवून
लोकांना वाट द्यायची.

कापडं मात्र मीच धूत होते.
कुणी हरकत घेतली नाही,
डाग काढणारी गावात दुसरी नव्हती.
तोंडाला नव्हतं ते दर सोमवारी हाताला होतं.

एका पहाटे, समोर पिकोचा डोंगर अजून काळा,
घंगाळ घेऊन बाहेर आले,
झाडापाशी वाकले
आणि ओतलं नाही.
उभ्यानेच प्याले.
तागाची चव, तळाशी पुसटसं आंबट.

शनिवारी जाऊन सांगितलं. मुद्दाम उजव्या कानाशी.
फादर इतके गप्प की वाटलं, झोपले.
मग म्हणाले, "तहान लागली होती, बेल्मिरा?"
मी म्हटलं, हो.
क्षमेचे शब्द त्यांना म्हणता येत नव्हते, ते मला ठाऊक होतं.
तशीच जाळीला बोटं टेकून बसले.
बाहेर रांग खोकत होती.

पुढे फ्रेस्नोहून कागद आला.
मंगळवारी लग्न लागलं, जिल दुधाच्या बुटांतच.
ख्रिस्तप्रसाद टाळूला चिकटला,
जिभेने सोडवता सोडवता मिस्सा संपली.
खरं सांगू? त्या पाण्याची सर नव्हती.
हेही सांगून झालंय, उजव्या कानाला.

आता नोव्हेंबरात दोघांची नावं लिहिते,
एकाच कागदावर. भांडू देत.

धर ते टोक. नाही, अर्ध्यात नाही,
तिनात दुमडायचं, क्रूस वर यायला हवा.
हं, अस्सं.
आणि घंगाळ तूच ने बाहेर. जड नाही.
मी काही इथून बघत नाही.