उकळू द्यायचं नाही

आलं नाही, लसूण नाही,
हिरवी मिरची तर नावालाही नाही.
यासीन खुर्चीत बसून एकेक वर्ज्य करत जातो
आणि मी एकेक डबा फळीवर परत ठेवते.
मग घालायचं तरी काय?
कांदा. पण लाल नाही करायचा,
नुसता घाम फुटेपर्यंत.

खिमा मंडणगडहून आणलाय, दोनदा काढलेला.
पाव बाणकोटच्या भट्टीतला, परवाचा. शिळाच लागतो म्हणे,
दुधात बुडवून पिळायचा
बाळाचं दुपटं पिळतात तसा.
एक अंडं. जायफळ परसातलंच;
किसताना बोट सोलवटलं तर म्हणतो, हळू.
बेचाळीस वर्षं या चुलीवर कोफ्ते करतेय,
मला म्हणतो, हळू.

तिकडे एक खारवलेला बारका मासा घालतात.
नाव आठवेना. करंगळी दाखवली,
मग बोटांनीच हवेत चंदेरी काहीतरी हलवलं.
म्हटलं, ही तर मांदेली.
सुकी भाजली, काटा काढला, खलबत्त्यात कुटली.
तिकडे कसल्याशा झुडपाच्या कळ्या मिठात मुरवतात.
मी बरणी काढली: एप्रिलातली कच्ची करवंदं,
खाऱ्या पाण्यात सात महिने गप्प बसलेली.
त्याने एक चावलं, डोळे मिटले
आणि बराच वेळ उघडले नाहीत.

नाव मला म्हणता येत नाही.
नुसतं क्लोप्स म्हण, म्हणतो.
पुढचं लांबलचक नाव एका शहराचं आहे
आणि ते शहर आता त्या नावाने नकाशात नाही.
शहर गेलं, गोळे राहिले.

जहाजावर तो भंडारी होता,
पण हे जहाजावर शिकला नाही.
हे मला आज कळतंय, हात खिम्यात असताना.
पंखा मोडून जहाज ब्रेमरहाफनच्या गोदीत पडलं, अख्खा हिवाळा.
बाकीचे खलाशी घरी परतले, हा तापाने फणफणलेला.
कुणाच्या तरी माळ्यावर खोली मिळाली.
खाली इर्मगार्ड नावाची बाई राहायची. तिने शिकवलं.
वयाने?
माझ्याहून मोठी.
किती मोठी?
पाणी बघ, म्हणाला.

पाणी बघितलं.
तमालपत्र, सर्वसुगंधीचं एक पान, मीठ.
उकळू द्यायचं नाही, हाच सगळा हुन्नर.
उकळलं की गोळे फुटतात.
नुसतं थरथरलं पाहिजे,
भरती सरून ओहोटी लागायच्या आधी
वेसवीच्या धक्क्याशी खाडी थबकते तसं,
बोट आणि दगड यांच्या मधलं ते हातभर पाणी.
सांगताना त्याचा हात खुर्चीवर थरथरत होता.
हल्ली थरथरतोच, दुखणं आहे,
त्यावरून काही ठरवता येत नाही.

त्या हिवाळ्यात आमचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.
कंपनीची मनिऑर्डर दर महिन्याला आली, एकही चुकली नाही.
तेव्हा मोजल्या होत्या.
आज पाण्यात गोळे सोडता सोडता परत काहीतरी मोजत होते:
अकरा, बारा, तेरा.

मग लोणी, मैदा, तेच पाणी, थोडी साय.
कोकम नको, रंग जाईल. लिंबू पिळ.
शेजारी उकडलेले बटाटे, त्यांनाही फोडणी नाही.
पांढऱ्यावर पांढरं. ताट आहे की भिंत!

पहिला घास आजाऱ्याच्या जेवणासारखा लागला,
मऊ, जायफळाचा, कुणावरही न रागावणारा.
मग दाढेखाली करवंद फुटलं.
म्हटलं, हात चांगला होता तिचा.
होता, म्हणाला.
आणि बटाटा कुस्करत राहिला, चमच्याने, हळू.

शेवटच्या फेरीबोटीचा भोंगा झाला.
सहा गोळे उरलेत, झाकून ठेवलेत.
उद्या सकाळी वाटण वाटणार आहे,
खोबरं, लाल मिरच्या, आलं, लसूण, सगळं,
आणि त्यात ते सहा सोडून
रटरटा उकळू देणार आहे.
फुटले तर फुटले.