ढकातेचं क्लॅरिनेट

गोळीबार चौकात, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
बाप विणायचा. खट्, खटाक्, खट्.
मध्येच धागा तुटायचा;
तो सांधेपर्यंत घर गप्प.
दुलीचंद ढकाते ती गप्प जागा आधी शिकला,
सूर मग.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात
रिटायर्ड गार्ड हॅमंडसाहेब,
भिंतीवर येशू, तोंडात कच्ची सुपारी:
"रीड ओली ठेव, पोरा. नजर कागदावर."
कागद त्याला अजूनही अडखळतच वाचता येतो.

शुक्रवारी ताजबागेत कव्वालांच्या मागे बसून
टाळ्या मोजायचा. मोजता मोजता चुकायचा,
आणि चुकलेलं तेवढं
सायकलवर घरी घेऊन यायचा.

मग लग्नाच्या बँडमध्ये पंधरा वर्षं.
मामांच्या फर्माइशी, दातात धरलेल्या नोटा,
सोनेरी झालरीचा, दुसऱ्याच्याच मापाचा कोट.

एकदा महालात वरात अडली, तेव्हा
देवलापारचा मडावी मांदर घेऊन शेजारी उभा राहिला.
"काय वाजवतं बे?"
"मालूम नाही. तू थांबशीन तिथं थांबतो."
दोघांपैकी कोणीच थांबलं नाही.
वरात पुढे निघून गेली, घोडीसुद्धा.

परवा सभागृहात, पाहुण्यांसमोर,
कोणीतरी विचारलं, तुमचं घराणं कोणतं?
दुलीचंदनं क्लॅरिनेट पुसलं.
बराच वेळ पुसत राहिला.
"बाप माग चालवायचा," म्हणाला. "आता ऐका."
आणि ओठांशी नेऊन
काहीच वाजवलं नाही,
धागा सांधायला लागतो
तेवढा वेळ.