सबलगढ लाइनीवर आहे

वरच्या मजल्यावरचा, पोतनिसांचा नचिकेत
स्पोकन इंग्लिशची वही घेऊन जिना उतरतो.
कुंदामावशी, लाइन म्हणजे?
मी म्हणते, रेघ.
तो म्हणतो, ते पहिलीतलं झालं.
अजून एकोणीस अर्थ आहेत,
सरांनी सोमवारपर्यंत पाठ करायला सांगितलेत.

एकोणीसच?
अरे, सत्तावीस वर्षं मी या एका शब्दाचं मीठ खाल्लंय.

ड्रॉप अ लाइन, तो वाचतो.
मी म्हणते, लाइन पडली. बोलता बोलता आवाज गेला,
पलीकडचा हॅलो हॅलो करत बसला.
चूक. चार ओळींचं पत्र टाकणे.
बरं बाबा. साहेबाच्या देशात लाइन पडली की पत्र येतं,
आमच्याकडे शिव्या यायच्या,
त्याही अस्सल मुरैन्याच्या.

वहीत जे नाही ते मी त्याला सांगत नाही.
जनकगंजातून एक्स्चेंजकडे निघाले
की पानाच्या ठेल्यावरची पोरं लाइन मारायची,
एकाच सायकलवर तिघं टेकून.
आई म्हणायची, ही लाइन बायकांची नव्हे.
आणि रॉकेलच्या लाइनीत त्याच शेजारणी
मला पुढे ढकलायच्या, जाऊ द्या हिला,
हिच्या हातात पुण्याचा फोन आहे.
थोरला भाऊ तेवढा कधी लाइनीला लागला नाही.
त्याचं काय सांगायचं.

रात्रपाळीला बोर्डावर माणसांना नावं नसत.
मी ग्वाल्हेर. तो सबलगढ.
'सबलगढ बोल रहा हूँ', एवढंच,
आवाजाला बारा महिने थोडी सर्दी.
ट्रंक कॉल दमून झोपले, बाया टेबलावर डोकं टेकून पेंगल्या,
की पहाटे तो म्हणायचा,
ग्वालियर, लाइन मत काटना,
आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचा.

मी कान देऊन बसायची.
आधी कुत्री.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग छोट्या लाइनीची गाडी,
दमेकरी, जत्रेतल्या खेळण्यासारखी,
शिट्टीसुद्धा अशी की कुणी उठू नये.
तिच्या दोन रुळांत दोन फुटांचं अंतर,
आमच्यात तीस कोस.
गाडी गेली की तो विचारायचा, आली?
मी म्हणायची, आली.

अशी नऊ वर्षं.
एकदाच नाव विचारलं मी.
तो सांगू लागला, 'रघु', आणि तेवढ्यात
कलेक्टरसाहेबांचा लाइटनिंग कॉल चमकला,
मला प्लग ओढावा लागला.
रघुवीर असेल, रघुनंदन असेल,
रघुराज म्हटलं तर सर्दी शोभत नाही.

पुढे एसटीडी आलं, लोक आपल्याच बोटानं गावं फिरवू लागले.
आमच्या बोर्डावर कुणीतरी निळं प्लॅस्टिक अंथरलं
आणि त्यावर सुपरवायझरचा डबा ठेवला.
छोटी लाइनही गेली. मोठी टाकायची म्हणून रूळ उचलले.
घोसीपुऱ्याच्या फाटकाशी रिक्षा आता थांबत नाही,
मी मात्र अजून एकदा डावीकडे बघते.

एंड ऑफ द लाइन, नचिकेत वाचतो, म्हणजे शेवट.
बिटवीन द लाइन्स, म्हणजे न लिहिलेलं वाचणे.
हे बाकी साहेबाला बरं सुचलं, मी म्हणते,
आणि गॅसवरचं दूध उतू जातंय का बघायला उठते.
दूध अजून तापलेलंसुद्धा नाही.

शेवटचा, मावशी. होल्ड द लाइन.
हा लढाईतला आहे. जागा न सोडणे.
वाक्यात उपयोग करायचाय.

मी पाठमोरीच सांगते, लिही,
'सकाळ झाली, दुसरी पाळी आली,
तरी ग्वाल्हेरनं लाइन सोडली नाही.'

तो पेन्सिल चावतो.
मावशी, इंग्रजीत सांगा ना.