पहिला तास फुकट

अर्जावर दहा रुपयांचं तिकीट डकवलं, थुंकीनेच,
कारण अख्ख्या तांबट लेनमध्ये ऐन वेळी
कुणाकडे डिंक सापडेल तर शपथ.
विषय: शाळांच्या खिचडीसाठी जर्मनची पातेली,
चाळीस लिटर, नग दोनशे चौदा.
आलेल्या सगळ्या निविदा बघायच्या आहेत.
सगळ्या. माझीही.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर:
त्रयस्थाचं व्यापारी गुपित, दाखवता येत नाही.
मामंजींनी ते मला दोनदा वाचायला लावलं.
मग म्हणाले, पातेल्यात कसलं गं गुपित?
त्याला झाकणसुद्धा वेगळं मागवावं लागतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
लाखेने झाकली की किती लाखांची,
हे विचारायला मी अपिलात गेले.
म्हटलं, साहेब, लिफाफे फुटले, माल पोचला, बिलं निघाली,
आता गुपित राहिलंय ते फक्त
ज्यांच्या पैशांनी घेतलं त्यांच्यापासून.
साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.
दाखवा यांना, म्हणाले,
चहा सांगा म्हणावं तसं.

शरणपूर रोड, तिसरा मजला.
खैरनार भाऊसाहेबांनी पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून,
आणि नियम सांगितला: पहिला तास फुकट,
पुढे पाव तासाला पाच रुपये.
मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

चार निविदा. तिसरी माझी.
शेजारणीच्या मांडणीवर अचानक आपली वाटी दिसावी
तसं माझं अक्षर त्या फाइलीत.
माझा दर चार हजार चारशे पन्नास.
ज्याला काम मिळालं त्याचा चार हजार तीनशे साठ.

नव्वद रुपये.
खरं सांगते, बरं वाटलं.
सात महिने मी मनात ज्यांना ज्यांना चोर म्हणत होते
त्यातल्या दोघांनी तर निविदा भरलीच नव्हती.
घामाने कपाळाला चिकटलेले केस मागे सारले,
आणि निघणारच होते,
तेवढ्यात त्याच पानाच्या तळाशी, शिक्क्याच्या जांभळ्या डागाखाली:
पत्र्याची जाडी तीन मिलिमीटर.
सही.

तीन मिलिमीटरमध्ये हा दर बसतो कसा?
माझा तर बसला नसता, आणि मी मजुरीत मामंजींना धरतच नाही.
त्या एका पानाची नक्कल घेतली. दोन रुपये.
भाऊसाहेबांनी पावती फाडली, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतली शाळा.
मामंजी स्कूटरवर माझ्या मागे, टोपी हाताने दाबून.
ठकूबाई मोरीवर पातेलं घासत होती.
त्यांना आता ऐकू कमी येतं,
बातम्या लावल्या की शेजारचं कुत्रं भुंकतं,
पण ते उकिडवे बसले, कान काठाला लावला
आणि मधल्या बोटाच्या पेराने एकदाच वाजवलं.

जाड भांडं आधी विचार करतं, मग बोलतं.
हे लगेच बोललं.

दोन, म्हणाले मामंजी.
मग पुन्हा वाजवून: दोनही नाही. पावणेदोन धर.

मी कागद पुढे केला. त्यांनी पाहिला नाही,
त्यांना कागद वाचता येत नाही, मला पातेलं.
आमच्या घरात दोघं मिळून एक माणूस पुरतं साक्षर आहे.

कान पुरावा म्हणून चालत नाही, मला ठाऊक आहे.
मोजायचं यंत्र आणावं लागेल, पंचनामा, पुन्हा अर्ज, पुन्हा तिकीट,
या वेळी डिंक आधी घेऊन ठेवीन.

पण ठकूबाईने पदराला हात पुसले आणि विचारलं,
काय लिहिलंय त्यात?
मी वाचून दाखवलं.
ती उठली नाही, रागावली नाही,
पातेल्याच्या बुडाशी काळा पडलेला गोल
बोटाने चाचपत राहिली.

रोज लागते हो खिचडी खाली, म्हणाली.
मला वाटायचं, माझाच हात बिघडला.

परत वाचा बरं.