सोगा

सायकलरिक्षा चालवणारा इथे मागे बसतो,
म्हणून सोलो शहर आधी माझ्याच अंगावर आलं.
तळणीतल्या तेंपेचा वास, स्कूटरी, बदकांची एक पाटी,
आणि मग लावेयानच्या बोळातल्या भिंती,
एवढ्या उंच की दुपारचं ऊन वरच्या वर संपतं.
त्यानं अंगठ्यानं दार दाखवलं.
बोट दाखवणं इथे बरं दिसत नाही.

आत पाच बायका, एका कढईभोवती.
कढई तळहाताएवढी, खाली निखारे, आत मेण आणि राळ.
उकळू द्यायचं नाही, गोठूही द्यायचं नाही,
चुलीवरच्या दुधासारखं
कुणीतरी सतत डोळा ठेवून.

त्यांतली थोरली पोनिरा.
पोनच्या दिवशी जन्मली म्हणून पोनिरा.
लेगिनेम लेगीची, वागियेम वागेची,
पाच दिवसांचा बाजार, पाच दिवसांचा आठवडा.
आमच्याकडे सोमवारचा सोमा, बुधवारचा बुधा,
तसंच हे,
फक्त दोन दिवस कमी.

मी वहीत लिहून आणलेलं वाक्य म्हटलं.
पाचही जणी हसल्या, तोंडावर हात धरून.
मालकीणबाई हळूच म्हणाल्या,
‘हे तुम्ही मांजराशी बोललात.’
थोरल्यांसाठी खाणं वेगळं, झोपणं वेगळं,
घराचा शब्दसुद्धा वेगळा.
पोनिरानं मात्र मला वरचेच शब्द दिले
आणि हातात चांटिंग दिलं.
तांब्याची इवलीशी झारी, बांबूची दांडी,
चोच केसाएवढी.

आधी फुंकर घालायची, चोच मोकळी व्हायला.
मी घातली. मेण उलटं बोटावर.
मग रेघ ओढली, ती रेघ नव्हती.
मग एक थेंब, टपोरा,
माझ्या सरावाच्या रुमालावर नव्हे,
शेजारी, तिच्या कापडावर,
दोन महिने चाललेल्या पाखराच्या पंखात.

वागियेम निखाऱ्यांकडे बघायला लागली.
आणि मी, आता लिहितानाही कान तापतात,
मी पहिल्यांदा किंमत विचारली.

पोनिरानं कापड उजेडाला धरलं.
थेंब पलीकडे उतरलाय का पाहिलं. उतरला होता.
लेगिनेमला ती काहीतरी म्हणाली, मांजराच्या भाषेत,
दोघी खुसखुसल्या.
मालकीणबाईंनी ते मला सांगितलं नाही.
किंमतही नाही, शेवटपर्यंत.

मग थेंबाभोवती ठिपके.
सात, नऊ, पुढे मी मोजणं सोडलं.
फूल झालं का? नाही.
पाखराला गोवर आल्यासारखं दिसत होतं.
मान कलती करून तिनं ते थोडा वेळ बघितलं
आणि पुढच्या पिसाकडे वळली.

मागच्या अंगणात रंगाची पिंपं.
एक निळीचं, एक सालींच्या तपकिरीचं.
त्या तपकिरीला सोगा म्हणतात.
सोगा!
आमच्याकडे सोगा म्हणजे धोतराचं लोंबतं टोक,
ओढा ओलांडताना हातात धरायचं.
मी खाणाखुणांनी सांगत बसले तेगुहला,
रंगानं कोपरापर्यंत माखलेल्या त्या पोराला.
तो गंभीरपणे ऐकून आत गेला
आणि माझ्यासाठी गमबूट घेऊन आला.

निघताना मालकीणबाईंनी फोनवर जन्मतारीख टाकली.
मी पाहिंगची निघाले.
‘पाइनेम,’ पोनिरा म्हणाली,
पुन्हा एकदा म्हणाली, चव बघावी तसं,
आणि चांटिंग मेणात बुडवलं.

रात्री बालापान स्टेशनवर गाडी उशिरा होती.
बोटाला फोड, नखाखाली मेण.
महिन्याभरानं ते कापड उकळत्या पाण्यात जाईल,
मेण सुटून वर तरंगेल,
सोग्याच्या तपकिरीत तो थेंब पांढरट उरेल.
कुणीतरी नेसेल लग्नाला.
तिला दिसायचा नाही, बहुधा मागे येईल तो,
पायऱ्या चढताना
तिच्या मागून येणाऱ्याला दिसेल.